मोटारींच्या शर्यती आखूड कराव्यात काय?

१८९५ सालच्या जून महिन्यात एमिल लव्हासॉर नावाचा फ्रेंच यंत्रज्ञ पॅरिसहून मोटार घेऊन निघाला, बोर्दो शहराला वळसा घालून पुन्हा पॅरिसला आला. अंतर ११७८ कि.मी. त्याला लागलेला वेळ ४८ तास आणि ४८ मिनिटे. एवढा वेळ तो जवळजवळ सलग गाडी हाकत होता. भागाकार केलात तर सरासरी वेग ताशी २४ कि.मी. येतो. आजचा तयारीचा सायकलपटू थोडा वेळ तरी त्याच्या बरोबरीने जाईल! लव्हासॉर पहिला आला खरा, पण त्याची गाडी दोन आसनी होती आणि नियम चार आसनी गाडीचा होता. त्यामुळे पहिले बक्षीस कित्येक तासांनी आलेल्या दुसऱ्याच गाडीला मिळाले.

ही शर्यत एवढी लांब का ठेवली होती? कारण प्रश्न ‘कोण वेगवान?’ हा नव्हताच. ‘मोटार नावाचे हे नवे यंत्र एवढ्या लांब जाऊन परत येऊ शकते का?’ हा प्रश्न होता.

आता १३० वर्षांनंतरची गोष्ट पाहा. २०२५ साली फॉर्म्युला वन या सर्वांत प्रसिद्ध शर्यतमालिकेचे प्रमुख स्टेफानो डोमेनिकाली यांनी बोलून दाखवले, की तरुण प्रेक्षकांना आजच्या शर्यती लांब वाटत असाव्यात. या शर्यतीचे अंतर साधारण ३०५ कि.मी., म्हणजे मुंबईहून पुण्याला जाऊन परत येण्याएवढे. शर्यत दीड तासाच्या आसपास संपते. तेवढा वेळही पडद्यासमोर बसवत नाही, अशी तक्रार आहे. ती योग्य की अयोग्य हे क्रीडाप्रेमींनी ठरवावे. आपल्याला पदार्थविज्ञानाच्या बाजूने हा प्रश्न तपासायचा आहे. शर्यत आखूड केली तर नेमके काय काय बदलते?

अंतर आखूड की वेळ आखूड?

पहिली गोष्ट अशी, की ‘आखूड’ या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात आणि वाद घालणारे त्यांची सरमिसळ करतात. अमेरिकेतील इंडियानापोलिसची शर्यत ५०० मैलांची, म्हणजे सुमारे ८०५ कि.मी. १९११ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा विजेत्या रे हॅरूनला ६ तास ४२ मिनिटे लागली. २०२१ साली तेवढेच अंतर एलिओ कास्त्रोनेव्हेसने २ तास ३७ मिनिटांत तोडले. कोणीही नियम न बदलता ही शर्यत चार तासांनी आखूड झाली!

फॉर्म्युला वनमध्ये याच्या उलट गंमत दिसते. तेथे नियम अंतराचा आहे : ३०५ कि.मी. ओलांडण्यासाठी जेवढ्या पूर्ण फेऱ्या लागतील तेवढ्या. (अपवाद मोनॅकोचा, तेथे २६० कि.मी.) इटलीतील मोन्झाचा मार्ग सरळ आणि वेगवान. २००३ साली मिखाएल शूमाकरने तेथील शर्यत ताशी २४७ कि.मी. सरासरीने १ तास १४ मिनिटांत संपवली. सिंगापूरचा मार्ग शहरातल्या रस्त्यांवरून काटकोनात वळत जातो. तेथे तेवढ्याच अंतराला फार वेळ लागतो. खेळाचा दुसरा नियम असा, की दोन तास झाले की ती फेरी संपवून आणखी एक फेरी, आणि शर्यत बंद. सिंगापूरला २०१२, २०१४, २०१७ आणि २०२२ या वर्षी ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्यापूर्वीच घड्याळाने शर्यत थांबवली. २०२३ मध्ये मार्गातली काही वळणे काढून टाकल्यावरही तेथे एक तास चाळीस मिनिटांहून जास्तच वेळ लागत आला आहे. अंतर एकच, पण चालकाच्या शरीराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या शर्यती आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

टाकीचा आकार आणि १९५८ साल

शर्यती आखूड करण्याची कल्पना नवी मुळीच नाही. १९०६ साली फ्रान्समध्ये ल मां येथे पहिली ‘ग्रां प्री’ झाली. ती दोन दिवस चालली, अंतर सुमारे १२३८ कि.मी. आणि एकेक फेरी १०३ कि.मी.ची. विजेता फेरेंत्स सिझ याला १२ तासांहून अधिक वेळ लागला. उन्हाने रस्त्यावरचे डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत उडत होते. पुढे अंतरे हळूहळू कमी होत गेली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९५७ पर्यंत पाचशे कि.मी. किंवा तीन तासांच्या असत. १९५८ पासून किमान मर्यादा तीनशे कि.मी. किंवा दोन तास अशी खाली आणली गेली. त्याच वर्षी आणखी एक नियम झाला. तोवर इंजिनात मेथिल अल्कोहोलची मिश्रणे वापरत. आता विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले.

या दोन नियमांनी काय उलथापालथ केली ते पाहण्यासारखे आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल जळले की सुमारे ४४ मेगॅज्यूल ऊर्जा मिळते. एक किलोग्रॅम मेथिल अल्कोहोलपासून सुमारे २० मेगॅज्यूल, म्हणजे निम्म्याहूनही कमी. समजा, एखाद्या गाडीला पाचशे कि.मी.साठी १२० किलोग्रॅम पेट्रोल पुरते. तेवढीच ऊर्जा अल्कोहोलने मिळवायची तर सुमारे २६० किलोग्रॅम बरोबर न्यावे लागेल. आता अंतर तीनशे कि.मी. करा आणि इंधन पेट्रोल ठेवा : केवळ ७२ किलोग्रॅम! जेथे २६० किलोंची टाकी लागत होती तेथे ७२ किलोंची पुरली. टाकी लहान, म्हणून गाडी लहान. गाडी हलकी, म्हणून टायरची झीज कमी.

याचा फायदा कूपर या छोट्या इंग्रज कारखान्याने घेतला. त्यांची गाडी चिमुकली, इंजिन चालकाच्या पाठीमागे. १९५८ सालच्या अर्जेंटिनाच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस अशी गाडी घेऊन उतरला तेव्हा मोठ्या संघांनी तिची फारशी दखल घेतली नाही. तिची चाके बदलायला फार वेळ लागत असे. तेव्हा मॉस टायर बदलायला थांबेल आणि मागे पडेल, असे सर्वांनी धरून चालले. मॉस थांबलाच नाही. शेवटी टायरचे रबर झिजून आतले कापड दिसू लागले होते, पण तो जिंकला. पुढच्याच वर्षी जॅक ब्रॅबम कूपर गाडीवर जगज्जेता झाला. दोन-तीन वर्षांत पुढे इंजिन असलेल्या भारदस्त गाड्या या खेळातून नाहीशा झाल्या. अंतराचा आकडा बदलला की यंत्राची घडणच बदलते, हे इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आजही हे गणित चालूच आहे. २०१९ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनच्या गाडीला एका शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलोग्रॅम इंधन वापरता येत असे, आणि २०१० पासून मध्ये इंधन भरण्यास बंदी आहे. दर दहा किलोग्रॅम जादा वजनामागे फेरीला सुमारे ०.३ सेकंद जास्त लागतात, असा ठोकताळा आहे. शर्यत निम्मी केली तर सुरुवातीची गाडी पन्नासेक किलोंनी हलकी, म्हणजे फेरीला दीड सेकंदाने वेगवान होईल. आखूड शर्यत ही जास्त वेगाची शर्यत असते.

लंबकाची वीस आंदोलने

तुम्ही प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा आवर्तकाल काढला असेल. एकच आंदोलन मोजून कोणी समाधान मानत नाही. वीस किंवा पन्नास आंदोलनांचा वेळ घेऊन भागाकार करतो. असे का? घड्याळाची कळ दाबताना आपली चूक होते. एका आंदोलनात ती चूक मोठी ठरते, पन्नासांत ती वाटली जाऊन क्षुल्लक होते.

शर्यत हे सुद्धा एक मोजमाप आहे. समजा, ‘अ’ ही गाडी ‘ब’ गाडीपेक्षा खरोखरच फेरीमागे ०.१ सेकंदाने वेगवान आहे. पण प्रत्येक फेरी सारखी जात नाही. कधी वाऱ्याचा झोत येतो, कधी मागे पडलेली गाडी आडवी येते, कधी ब्रेक लावायला क्षणभर उशीर होतो. त्यामुळे दोघांमधल्या फरकात दर फेरीला ०.८ सेकंदांची यदृच्छ चढउतार होते असे धरू. आता संख्याशास्त्रातला एक महत्त्वाचा नियम असा : खरा फरक फेऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण यदृच्छ चढउतार संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणातच वाढते, कारण काही चढउतार एका बाजूच्या तर काही दुसऱ्या बाजूच्या असतात आणि त्या एकमेकींना काही अंशी पुसून टाकतात.

आता आकडे घालू. १६ फेऱ्यांनंतर ‘अ’ची अपेक्षित आघाडी १.६ सेकंद, चढउतार ०.८ × ४ = ३.२ सेकंद. नशीब हे गुणवत्तेच्या दुप्पट! ६४ फेऱ्यांनंतर आघाडी ६.४ सेकंद, चढउतार ०.८ × ८ = ६.४ सेकंद. बरोबरी झाली. २५६ फेऱ्यांनंतर आघाडी २५.६ आणि चढउतार १२.८. संभाव्यतेच्या कोष्टकावरून पाहिले तर चांगली गाडी जिंकण्याची शक्यता अनुक्रमे शंभरात ६९, ८४ आणि ९८ येते.

२०२१ पासून फॉर्म्युला वनमध्ये काही ठिकाणी मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी शंभर कि.मी.ची छोटी शर्यत घेतात. पहिली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला झाली, १७ फेऱ्यांची. मुख्य शर्यत ५२ फेऱ्यांची. आपल्या हिशेबाप्रमाणे छोट्या शर्यतीत नशिबाला जास्त वाव मिळायला हवा. प्रत्यक्षात सर्वच छोट्या शर्यती चुरशीच्या होत नाहीत. कारण आपण गृहीत धरले, की वेगवान गाडी हवी तेव्हा पुढे जाऊ शकते. अरुंद मार्गावर ते जमत नाही आणि मग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने सगळे शेवटपर्यंत, दिंडीसारखे, जातात. मोनॅकोत ७८ फेऱ्यांऐवजी १७८ केल्या तरी क्रम फारसा हलणार नाही.

या हिशेबाच्या उलट बाजूला यंत्राचा टिकाऊपणा आहे. समजा, एखादी गाडी शंभर कि.मी. बिनबिघाड जाण्याची शक्यता ०.८ आहे. तीनशे कि.मी. जाण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१. पाचशे कि.मी.ला ती ०.३३ वर येते. पूर्वी अशीच परिस्थिती होती. लांब शर्यतीत सर्वांत वेगवान गाडी बहुधा धूर सोडत कडेला उभी राही आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा माणूस जिंके. १९९६ साली मोनॅकोत पाऊस, टकरी आणि बिघाड यांतून शेवटची रेघ ओलांडणाऱ्या गाड्या उरल्या केवळ तीन! आता ०.८ च्या जागी ०.९८ घाला. तीनशे कि.मी. पार करण्याची शक्यता ०.९४ होते. यंत्रे इतकी भरवशाची झाली, की लांब शर्यतीतला अनपेक्षितपणा गेला आणि लंबकाच्या प्रयोगाची अचूकता मात्र उरली. प्रेक्षकाला कंटाळा येतो तो लांबीचा नव्हे, असे मला वाटते. पुढे काय होणार ते आधीच कळते, याचा तो कंटाळा आहे. आणि त्याला जबाबदार आहे अभियंत्यांचे यश.

ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीचे आकर्षण मात्र टिकून आहे, आणि त्याचे कारणही याच गुणाकारात सापडते. २०१० साली विजेती आउडी गाडी तेथे ५४१० कि.मी. धावली. पाच हजार कि.मी.साठी ०.९८ चा पन्नास वेळा गुणाकार करा : उत्तर ०.३६ येते.

चालकाच्या अंगातली उष्णता

आता खरा गंभीर भाग. शर्यतीच्या गाडीत चालकाभोवतीचे तापमान ५० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. अंगात आगीपासून बचाव करणारा जाड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. अशा वेळी शरीर थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक किलोग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना शरीरातून सुमारे २.४ मेगॅज्यूल उष्णता निघून जाते. उष्ण हवेच्या शर्यतीत चालकाचे वजन दोन-तीन किलोग्रॅमने घटते. दोन किलोग्रॅम घाम दोन तासांत पूर्णपणे सुकला, तर दर सेकंदाला सुमारे ६७० ज्यूल उष्णता बाहेर टाकली जाईल; एवढे शीतन पुष्कळच झाले. पण ‘सुकला तर’! दमट हवेत आणि जाड कपड्याखाली घाम सुकत नाही, नुसता निथळतो. निथळलेला घाम शरीरातले पाणी नेतो, उष्णता नेत नाही. कोकणातल्या मे महिन्याचा अनुभव असणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

समजा, दर सेकंदाला केवळ १०० ज्यूल उष्णता बाहेर पडायची राहून गेली. चालकाचे वजन ७० किलोग्रॅम, शरीराची विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला अंशामागे सुमारे ३५०० ज्यूल. म्हणजे तापमान एक अंशाने वाढायला २,४५,००० ज्यूल, अर्थात ४१ मिनिटे लागतील. मोन्झाच्या ७४ मिनिटांत तापमान १.८ अंशांनी वाढून ३७ चे ३८.८ होईल. सिंगापूरच्या दोन तासांत ते २.९ अंशांनी वाढून ४० च्या घरात पोहोचेल. पहिला माणूस दमलेला असेल. दुसरा उष्माघाताच्या उंबरठ्यावर असेल, आणि त्याच वेळी ताशी तीनशे कि.मी. वेगाने भिंतीजवळून जात असेल.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत एस्तेबान ओकॉनला चालत्या गाडीत शिरस्त्राणातच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, आणखी काहींना गाडीतून उतरताना आधार द्यावा लागला. शर्यत रात्री होती आणि सुमारे दीडच तास चालली. मग एवढा त्रास का? टायरांच्या सुरक्षिततेसाठी त्या दिवशी एक संच १८ फेऱ्यांहून अधिक वापरायला बंदी होती. एरवी चालक टायर जपण्यासाठी मधूनमधून वेग आवरतात; तोच त्यांचा विसावा. त्या दिवशी टायर जपण्याची गरजच नव्हती, म्हणून सर्वांनी प्रत्येक फेरी जीव तोडून मारली. शरीरात साठणारी उष्णता ही वेळ आणि दर यांचा गुणाकार असते. वेळ कमी केला आणि दर वाढला, तर हाती काहीच लागत नाही. आखूड शर्यतीचे समर्थक हे विसरतात.

त्यानंतर नियंत्रक संस्थेने नियम केला : उष्णता आणि दमटपणा मिळून येणारा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर गाडीत शीतनाची यंत्रणा बसवायची. चालकाच्या अंगातील बंडीत नळ्या असतात आणि त्यांतून थंड द्रव फिरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला हा नियम पहिल्यांदा लागू झाला.

थकव्याबद्दल बोलायचे तर ल मांचा इतिहास पाहावा. १९५२ साली पिएर लेव्हेग याने जोडीदाराला गाडी न देता जवळजवळ २३ तास एकट्याने चालवली. तो पुढेही होता. अखेरच्या तासाभरात इंजिन मोडले. थकून चुकीचा गिअर टाकला म्हणून, असे पुष्कळांचे मत. यंत्रातच दोष होता, असे काहींचे. आता तेथे एका चालकाला कोणत्याही सहा तासांत चार तासांहून अधिक आणि एकूण १४ तासांहून अधिक चालवता येत नाही. शर्यत आखूड न करता माणसाची पाळी आखूड केली, हा मला फार शहाणपणाचा उपाय वाटतो.

हाच लेव्हेग १९५५ साली ल मांच्या भीषण अपघातात मरण पावला. त्याच्या गाडीचे भाग गर्दीत घुसून ८० हून अधिक प्रेक्षक दगावले. त्या वेळी शर्यत आखूड करा अशी मागणी करणे सोपे होते. पण शर्यत दुपारी ४ वाजता सुरू झाली होती आणि अपघात साडेसहाच्या सुमारास झाला. तीन तासांची शर्यत असती तरी तो टळला नसता. प्रेक्षक आणि मार्ग यांमध्ये पुरेसा आडोसा नव्हता, हे खरे कारण. शिवाय गाड्यांची सर्वांत दाट गर्दी सुरुवातीच्या वळणावर असते. एका लांब शर्यतीच्या दोन छोट्या केल्या, तर अशा सुरुवाती दोन होतात.

तेलाच्या टंचाईतली शर्यत

१९७३-७४ च्या तेलटंचाईत अमेरिकेत स्टॉक-कार शर्यती दहा टक्क्यांनी आखूड केल्या. डेटोनाची ५०० मैलांची शर्यत ४५० मैलांची झाली. गंमत म्हणजे फेऱ्यांची मोजणीच २१ व्या फेरीपासून सुरू केली. किती पेट्रोल वाचले असेल? ढोबळ अंदाज करू. ४० गाड्या, लिटरला २ कि.मी., ८०० कि.मी. : एकूण १६,००० लिटर. दहा टक्के म्हणजे १,६०० लिटर. आता प्रेक्षक एक लाख धरा, मोटारीत चौघे, येऊन-जाऊन २०० कि.मी., लिटरला ५ कि.मी. : २५,००० मोटारींना दहा लाख लिटर. शंभरातल्या एका मोटारवाल्याने गाडी घरी ठेवून शेजाऱ्याबरोबर जायचे ठरवले असते, तर याच्या सहापट बचत झाली असती.

विजेच्या गाड्यांपुढे तर निवडच नव्हती. फॉर्म्युला ई मालिका २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बॅटरीतली वापरण्याजोगी ऊर्जा २८ किलोवॅट-तास होती, म्हणजे जेमतेम तीन लिटर पेट्रोलातली. विजेची मोटार ती ऊर्जा फार काटकसरीने वापरते. तरीही अर्ध्या शर्यतीत बॅटरी संपे आणि चालक उतरून दुसऱ्या गाडीत बसे! २०१८ च्या अखेरीस मोठी बॅटरी आली तेव्हा हा प्रकार थांबला.

मग आखूड कराव्यात की नाही? माझे मत असे, की तीनशे कि.मी.ला हात लावण्याचे कारण नाही; मोन्झाला ते सव्वा तासात संपतात. पण दोन तासांची मर्यादा सगळीकडे सारखीच का असावी? निर्देशांक ३१ च्या वर असेल तेथे नव्वद मिनिटांना शर्यत थांबवावी, मग किती का फेऱ्या होईनात. हवामानाप्रमाणे शाळेची वेळ बदलते, तर शर्यतीची का बदलू नये?

वर आपण ०.१ सेकंदाने वेगवान गाडीचा हिशेब केला आणि गुणवत्ता व नशीब यांची बरोबरी व्हायला ६४ फेऱ्या लागल्या. तीच गाडी ०.२ सेकंदाने वेगवान असती तर किती लागल्या असत्या? बत्तीस असे चटकन म्हणू नका. कागद घ्या आणि वर्गमूळ काढा.